नाव नको, बँक चालते
'समाजवादी म्हटलं की अमेरिकेत उमेदवार पडलाच' हे मत शब्दापुरतं पटतं, धोरणापुरतं नाही. नॉर्थ डाकोटा हे राज्यच बघा. १९६४ नंतर तिथे अध्यक्षपदाचा डेमोक्रॅट (म्हणजे तुलनेने डाव्या पक्षाचा) उमेदवार एकदाही जिंकलेला नाही, पण राज्याच्या मालकीची बँक १९१९ पासून चालू आहे (आपल्यासारखी सहकारी नव्हे, थेट सरकारी). मिनियापोलिसच्या धान्यव्यापाऱ्यांना आणि चढ्या व्याजाला वैतागलेल्या गहू शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग या आपल्या राजकीय संघटनेमार्फत सत्ता मिळवली आणि बँक काढली; १९२२ला ग्रँड फोर्क्समध्ये सरकारी पीठगिरणीही. लीगचा संस्थापक टाउनली तर आधी सोशालिस्ट पक्षाचाच कार्यकर्ता!

राज्याचा पैसा आजही त्याच बँकेत जमा होतो. तिला समाजवाद म्हणायचं नाही, एवढंच पथ्य.