कडबा रानात की दावणीला?

"नांगरट बंद करा, पिकाचे अवशेष रानातच ठेवा, डिझेल वाचेल" असा सल्ला एका लेखात वाचला. डिझेलचं पटलं. पण आमच्या मंगळवेढ्याकडं मालदांडी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. धसकटसुद्धा मागं राहत नाही. कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, जनावरांच्या दावणीला जातो, उरला तर पेंढीच्या भावानं विकतो. दुष्काळात तर कडब्यानंच घर चाललंय. तो रानात अंथरू म्हटलं तर आई काठी घेऊन मागं लागेल!

आणि काळ्या रानाला थंडीत भेगा पडतात, त्या बुजवायला पिकाच्या ओळींमधनं कोळपं (माती हलवायचं अवजार) फिरवावंच लागतं, नाहीतर ओल उडते. मी दोन वर्षं पलटी नांगर सोडून नुसत्या कुळवाच्या पाळ्या (वरवरची मशागत) घालतोय. हराळी (चिवट गवताचं तण) मात्र बांधाकडून आत सरकलीय. ती काढायच्या खुरपणीची मजुरी वाचलेल्या डिझेलमधनं वजा करा.