मदत हवी आहे: वजन उतरतंय, पण ताकदही जातेय. आठवड्याला तीनच दिवस मिळतात, कुठले व्यायाम ठेवू?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

वय ४६, उंची १५७ सेंमी. शाळेत शिकवते. पाच महिन्यांपूर्वी वजन ७४ किलो होतं, आता ६६ आहे. कंबर ९४ सेंमीवरून ८९ वर आली. पहाटे तासभर चालणं, साखर बंद, रात्रीचं जेवण जवळजवळ बंद, एवढंच केलं. भेटेल तो म्हणतो, छान बारीक झालीस. मलाही बरं वाटत होतं.

मग गेल्या महिन्यात गॅस संपला. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा. कडीला धरायचं, मांडीचा टेकू द्यायचा आणि उंबरठ्यावरून आत घ्यायचा, हे मी वीस वर्षं करतेय. त्या दिवशी तो जागचा हलला नाही. दोनदा जोर लावला, तळहातावर कडीचा वळ उठला, शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो गेल्यावर ओट्याला टेकून उभी होते आणि मनात एकच विचार, हे जे आठ किलो गेले त्यात नेमकं काय काय गेलं? माझ्या आईला साठीनंतर जमिनीवरून उठताना कुणाचा तरी हात लागायचा. मला ते नको आहे.

म्हणून जिम लावली. तिथल्या ट्रेनरने एक कागद दिलाय, त्यावर चौदा व्यायाम आहेत. मांड्या आत मिटायचं मशीन, बाहेर उघडायचं मशीन, पाय सरळ करायचं मशीन, दोन किलोच्या डंबेलने हाताचे पाच प्रकार, शेवटी शंभर क्रंचेस. सगळं पंचवीस-पंचवीस वेळा (एका वेळेला तिथे 'रेप' म्हणतात). सव्वा तास जातो. घाम भरपूर येतो, दंडात आग होते, पण तीन आठवड्यांत एकाही व्यायामाचं वजन वाढलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला फॅट कमी करायचंय ना, मग हलकं वजन आणि जास्त रेप्स. जड वजन बॉडी बनवणाऱ्यांसाठी."

माझ्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार, शाळेनंतरचा पाऊण तास आहे. चौदातले कुठले ठेवू, कुठले सोडू? चरबी जावी आणि अंगातलं बळ राहावं, असे व्यायाम निवडायचे कसे? उजवा गुडघा बसता-उठता कटकट वाजतो, दुखत नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, बीपी ठीक आहे. अंडी खाते, मांसमच्छी नाही.

हिरवा_चुडा

ताई, मी पण चाळिशी पार. १०८ सूर्यनमस्कार घाला, कशाचीच गरज लागत नाही. माझं सहा महिन्यांत नऊ किलो उतरलं.

तालीमकर

नदीकाठ ताई, सिलिंडरचं वाचून लिहायला बसलो. तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. चरबी वजनं उचलून फारशी जळत नाही. पाऊण तासाच्या जिममध्ये जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी दोन-तीन पोळ्यांत परत येते. चरबी उतरते ती खाणं खर्चापेक्षा कमी राहिल्यामुळे आणि तुमच्या त्या पहाटेच्या चालण्यामुळे. पण खाणं कमी पडलं की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडीत काढतं. जो स्नायू कामाला लागत नाही, तो सांभाळत बसायचं त्याला कारण उरत नाही. वजनं उचलायची ती त्याला कारण देण्यासाठी. 'हे लागतंय, हे ठेव' असा निरोप पुन्हा पुन्हा पोचला पाहिजे. दोन किलोच्या डंबेलने तो निरोप पोचत नाही, कारण तुमची शाळेची पर्सच तीन किलोची असेल.

हलक्या वजनाने काहीच होत नाही असं मात्र नाही. अगदी दमेपर्यंत, म्हणजे पुढचा एक-दोन रेप निघणार नाही इथवर नेलं तर हलक्या वजनानेही स्नायू वाढतो. पण तुम्ही पंचवीसला थांबता ते कागदावर पंचवीस लिहिलंय म्हणून, हात थकला म्हणून नव्हे. आणि ताकद हवी असेल तर जड वजनाला पर्याय नाही.

आता निवड. स्नायूंची नावं सोडा, रोजच्या हालचाली धरा. खाली बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, समोर किंवा डोक्यावर ढकलणं, स्वतःकडे ओढणं, ओझं घेऊन चालणं. सिलिंडर उचलताना यातल्या तीन एकदम होतात. अशा हालचालीत मांडी, नितंब, पाठ, खांदे एकत्र राबतात, त्यामुळे चार व्यायामांत अंग पुरं होतं. मांड्या मिटायच्या मशीनवर एक बारीकसा भाग राबतो आणि तुमची दहा मिनिटं जातात. कुठल्याही व्यायामाला एकच प्रश्न विचारा: तीन महिन्यांनी यात वजन वाढलेलं असेल का? उत्तर 'नाही' असेल, तर पाऊण तासात त्याला जागा नाही. या कसोटीवर तुमचे चौदातले बारा तरी गळतील. शंभर क्रंचेस पहिल्यांदा गळतील. पोटाचा व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी जाते असं होत नाही, ती कुठून आधी उतरायची हे शरीर ठरवतं.

मी असं मांडेन. दोन पानं करा आणि आलटून पालटून वापरा.

पहिलं पान: छातीशी डंबेल धरून बैठक (गॉब्लेट स्क्वॉट), बसून केबल ओढणं (सीटेड रो), बाकावर हात टेकून जोर, आणि दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं.
दुसरं पान: रोमेनियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन खाली नेऊन वर आणणं), लॅट पुलडाउन (डोक्यावरचा दांडा छातीकडे ओढणं), डोक्यावर डंबेल ढकलणं, आणि वेळ उरला तर पायरीवर चढ-उतार.

प्रत्येकी तीन सेट म्हणजे फेऱ्या, दर सेटला ८ ते १२ रेप्स, मध्ये दोन मिनिटं खरोखर बसायचं. शेवटी अजून दोन रेप निघाले असते असं वाटेल तिथे थांबायचं. तिन्ही सेटमध्ये बारा पुरे झाले की पुढच्या वेळी पुढचं डंबेल. वहीत लिहा. वही नसेल तर वाढ होत नाही, हे मी दहा वर्षांत पक्कं पाहिलंय.

डेडलिफ्टला बायका घाबरतात, म्हणून त्याचं जरा सांगतो. घरी झाडूची दांडी पाठीवर उभी धरा. ती डोक्याला, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला, अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभ्या राहा. गुडघे किंचित सैल सोडा आणि नितंब मागे ढकलून भिंतीला लावा. दांडी एकाही ठिकाणी सुटली तर पाठ गोल झाली, पुन्हा करा. पोटऱ्या उभ्याच राहतात, मांडीच्या मागे ताण येतो. तो ताण आला की समजायचं जमलं. दर वेळी भिंतीपासून आणखी दोन बोटं पुढे सरका. आठवडाभर हे करा, मगच हातात वजन.

हिरवा_चुडा, सूर्यनमस्काराला माझा नमस्कारच आहे, मीही घालतो. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही. सगळं ढकलणं, वाकणं, ताणणं. आमच्या आज्यांना विहिरीचं पाणी शेंदून पाठीला ओढ मिळायची, आपल्याला ती मुद्दाम द्यावी लागते. शिवाय नमस्कारात ओझं आपल्या वजनाएवढंच. संख्या वाढते तसा दम वाढतो, ताकद एका जागी थांबते. तालमीतही नुसत्या जोर-बैठका नसतात, मुद्गल आणि जोडी फिरवतात ते यासाठीच.

सांधेसोबती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याबद्दल: नुसता आवाज, त्याबरोबर दुखणं नाही, सूज नाही, गुडघा अडकत नाही, तर बैठक बंद करायचं कारण नाही. मागे खुर्ची ठेवा, तिला नितंब टेकले की उठा. पायरी सुरुवातीला वीतभर उंचीचीच घ्या. दुखलं तर खोली कमी करा, दुसऱ्या दिवशी सूज दिसली तर दाखवून घ्या.

वजन वर जाताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. हे वाचणाऱ्या ज्यांना बीपी आहे त्यांनी विशेष लक्ष द्यावं, श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो.

आणि ४६ व्या वर्षी हे सुरू करताय याचा मला खरंच आनंद आहे. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. हाडांवर ओझं पडलं तर ती गती कमी होते, चालण्याने तेवढं होत नाही.

पहाटवारा

खाण्याकडे कुणी पाहिलं नाही म्हणून लिहिते. ताई, पाच महिन्यांत आठ किलो म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आत. हा वेग अजिबात वाईट नाही. म्हणजे घाईमुळे बळ गेलं नाही, रात्रीचं जेवण सोडल्यामुळे प्रोटीन गेलं असावं. दिवसाचं काय खाता ते लिहाल का?

नदीकाठ

तालीमकर, किती मनापासून लिहिलंत. दांडीचा प्रकार आत्ताच केला, पहिल्या तीनही वेळा माकडहाडावरून सुटली. चौथ्यांदा जमलं आणि मांडीमागचा तो ताण आला!

पहाटवारा, सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी दोन भाकऱ्या, भाजी, वाटीभर वरण, संध्याकाळी चहा आणि मूठभर शेंगदाणे. रात्री ताक. अंडी आठवड्यातून दोनदा.

पहाटवारा

जेमतेम चाळीस ग्रॅम होत असेल. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने साध्या माणसालाच किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे तुम्हाला ५५. वजन उतरवत असताना आणि उचलत असताना किलोमागे १.२ ते १.६ धरतात, म्हणजे ८० ते १०० च्या आसपास. रात्रीचं जेवण परत आणा. दोन अंडी रोज (१२ ग्रॅम), पन्नास ग्रॅम कोरडे सोयाचंक्स भिजवून उसळीसारखे (२५), शंभर ग्रॅम पनीर (१८), दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर दही. भाकऱ्या धरून ऐंशी सहज पार होतात. शेंगदाणे प्रोटीनसाठी खाऊ नका, शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. पोहे कमी करा म्हणजे हिशेब जागेवर राहील. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन मग तासाभराने खा, सोया तर त्याच्या जवळपासही नको.

झुळूक

झुंबा का नाही कुणी सुचवत? एका तासात केवढा घाम निघतो.

तालीमकर

आवडत असेल तर चालण्याच्या जागी जरूर करा, तो हृदयासाठी छान आहे. पण घाम हा अंग थंड ठेवण्यासाठी असतो, चरबी मोजायचं माप नव्हे. मे महिन्यात नुसतं बसूनही घाम येतो. वजनांच्या तीन दिवसांच्या जागी झुंबा नको.

नदीकाठ

पाच आठवड्यांनी परत आलेय. ट्रेनरला दोन पानांचा कागद दाखवला. तो आधी नाराज झाला, मग स्वतःच डेडलिफ्ट नीट करून घेऊ लागला, त्याचे आभार.

वही समोर आहे. गॉब्लेट बैठक ६ किलोने सुरू केली, काल १४ किलोने दहा-दहाचे तीन सेट झाले. केबल १५ वरून २५. जोर आधी छातीएवढ्या बारवर, आता बाकावर आठ निघतात. वजन फक्त सव्वा किलोने उतरलं, ६४.८. पहिले दोन आठवडे काटा हललाच नाही तेव्हा जीव खालीवर झाला होता. पण कंबर ८६ आहे, आणि शाळेचे तीन मजले चढून वर्गात गेल्यावर लगेच हजेरी घेता येते.

आता नवी अडचण. रोमेनियन डेडलिफ्टला दोन्ही हातांत बारा-बारा किलोची डंबेल्स घेते. मांड्यांना अजून वाव असतो, पण आठव्या रेपला बोटं उघडायला लागतात. वजन कमी करू का? जिममध्ये मनगटाला बांधायच्या पट्ट्या आहेत, त्या वापरल्या तर चालतील?

तालीमकर

वजन कमी करू नका. पहिले दोन सेट उघड्या हातांनी करा, डंबेल बोटांत नको, तळहातात खोल बसवून धरा, आणि रुमालाने हात कोरडे करून. पट्ट्या फक्त तिसऱ्या सेटला. ओझं घेऊन चालायचा व्यायाम दोन्ही पानांच्या शेवटी ठेवा, चाळीस पावलं, तीन फेऱ्या, मूठ त्यानेच घडते. सिलिंडरची कडी डंबेलपेक्षा बारीक असते, तेव्हा तो उचलायच्या आधी कडीवर जाड फडकं गुंडाळा.