नायलॉनचे बुश पावसात रॉडवर आवळतात, डेल्रिन घेऊ का?

खटपट्या_चिपळूण
पाकिटांवर, पत्रिकांवर नावं लिहायला घरीच पेन प्लॉटर (पेन धरून कागदावर लिहिणारं मशीन) बांधलाय. सरकायला 12 मिमीचे दोन ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी रॉड), मध्ये 300 मिमी अंतर, बेल्ट मधोमध. रॉडवर सरकणारे बुश (पोकळ नळ्या) नायलॉनचे, बाहेरून 20 मिमी, टर्नरकडून करून अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दाबून बसवलेले. प्रत्येक रॉडवर दोन, एकमेकांपासून 60 मिमीवर. मे महिन्यात पेनचा गाडा मस्त पळत होता. पाऊस लागला आणि अडायला लागला, आता तर तिरका होऊन जागीच गच्च बसतो. तेल घातलं, मोटरचा करंट वाढवला, फरक शून्य. डेल्रिनचे (अ‍ॅसिटल नावाचं कडक प्लास्टिक) करून घेऊ की सरळ एलएम12यूयू, म्हणजे रॉडवर सरकणारं गोळ्यांचं बेअरिंग, टाकू? शेजारचे काका म्हणतात, जुन्या ड्रमचं प्लास्टिक वितळवून रॉडभोवती ओत.

नटबोल्ट
एलएम12यूयू टाका आणि मोकळे व्हा.

मागवाला_इचलकरंजी
थांबा हो, लगेच मोकळे नका होऊ. त्या बेअरिंगमधल्या गोळ्या कडक पोलादाच्या, ब्राइट बार त्यांच्यापुढे मऊ. थोड्याच दिवसांत रॉडवर चऱ्या पडतील. त्यांना कडक केलेला (हार्डन्ड) रॉडच पाहिजे. मऊ रॉड असेल तर प्लास्टिकच बरं, हे मी हौसेनं नाही, माग दुरुस्त करत आयुष्य गेलं म्हणून सांगतोय.

आता तुमचं दुखणं. ती दोन आहेत. पहिलं पावसानं आणलं, दुसरं आधीपासूनच होतं, पावसानं ते फक्त उघडं पाडलं.

पहिलं, नायलॉन हवेतलं पाणी पितं. नायलॉन 6 साध्या हवेतसुद्धा वजनाच्या अडीच-तीन टक्के, पाण्यात बुडवलं तर नऊ टक्क्यांपर्यंत. कोकणातला जुलै म्हणजे बुडवल्यासारखंच. बुश फुगतो, पण बाहेरून अ‍ॅल्युमिनियमनं दाबलेला, मग जाणार कुठं? आत. भोक बारीक होतं. डेल्रिन बुडवून ठेवलं तरी एक टक्क्याच्या आतबाहेर पाणी घेतं, म्हणून तेच घ्या. दुकानदार नायलॉनच डेल्रिन म्हणून देतो कधीकधी, तेव्हा किचनच्या काट्यावर तोला: 25 मिमी व्यासाच्या गोल रॉडचा 100 मिमी तुकडा डेल्रिन असेल तर 69 ग्रॅमच्या आसपास, नायलॉन 56.

रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) बुश ब्लॉकमध्ये दाबल्यावर फिरवायचा, आधी नाही. दाबताना भोक आवळतंच. रॉडपेक्षा 0.1 मिमी ढिलं ठेवा. बुशला लांबीतून हॅकसॉचा एक काप द्या, घेराची वाढ त्या फटीत मुरते. रॉड उभा धरला की बुश आपल्या वजनानं सावकाश खाली यायला पाहिजे.

दुसरं म्हणजे तिरकं होणं. बुश 60 वर आणि बेल्ट रॉडपासून 150 वर, म्हणजे अडीच पट. कोरड्या प्लास्टिकचं घर्षण 0.25 धरलं तर दोन पटीच्या पुढं गाडा अडणारच. आणि मोटर कितीही मोठी लावा, जेवढं जास्त ओढाल तेवढा बुश रॉडला जास्त चावतो. म्हणून करंट वाढवून काही झालं नाही. बेल्ट एका रॉडला चिकटून घ्या, त्याच रॉडवर दोन बुश 120 मिमीवर न्या. दुसऱ्या रॉडवर एकच, तोही खालून उघडा, नुसता टेकलेला. दोन्ही रॉड घट्ट धरले की ते केसाएवढे जरी समांतर नसले तरी मशीन रडतं.

प्रिंटरवाली_कोथरूड
काकांना नमस्कार सांगा, पण ओतू नका. ड्रमचं प्लास्टिक (एचडीपीई) थंड होताना दोन-तीन टक्के आकसतं, ते रॉडला असं मिठी मारतं की हातोड्यानंही निघत नाही. रॉडवर आधी कागदाचे वेढे देऊन ओतलं तर निघतं, पण आत पोकळ्या राहतात. थ्रीडी प्रिंटर असेल तर त्यातल्या पीएलए प्लास्टिकचे बुश छापा, भोक किंचित कमी ठेवून त्यात रॉड मागंपुढं घासून भोक मापात आणा. पेन प्लॉटरला चालतील. मात्र साठ अंशाच्या आसपास पीएलए मऊ पडतं, त्यामुळे मे महिन्यात मशीन बंद गाडीत ठेवायचं नाही.

खटपट्या_चिपळूण
मागवाले दादा, टर्नरकडं पांढरा रॉड मिळाला, 100 मिमीला 70 ग्रॅम भरला! पण माझ्या ब्राइट बारवर तांबूस ठिपके आलेत. तसाच वापरू का?

मागवाला_इचलकरंजी
नको. तो गंज बुश खाऊन टाकेल. 600 आणि मग 1000 चा पॉलिश पेपर रॉकेलमध्ये भिजवून लांबीच्या दिशेनं फिरवा, चिंधीनं खडी पुसून काढा. नंतर मशीन ऑइलचा हात फिरवून लगेच कोरडं पुसायचं. ओलं तेल ठेवलं तर कागदाचा भुसा चिकटून लगदा होईल. पुढच्या वेळी एसएस 304 चा रॉड घ्या, प्लास्टिकला तो छान चालतो. नवीन बुश बसले की बेल्ट काढून गाडा हातानं एका कडेला धरून ढकलून बघा, तिथं अडला तर कळवा.