नववी ते बारावी घरीच: आराखड्यातली भगदाडं दाखवा

मुलुंडची_आई

लेक आठवी पास झाली. नववीला शाळेत जाणार नाही, असं तिने दिवाळीतच जाहीर केलं होतं. तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. मे उजाडला तरी मत ढळेना, तेव्हा नवऱ्याने आणि मी वही काढली. शाळेबद्दल मोठी तक्रार आहे असंही नाही. साठ मुलांचा वर्ग, संध्याकाळी क्लास, शाळेचा गृहपाठ वेगळा, क्लासचा वेगळा. 'आज काय शिकलीस?' विचारलं की उत्तर येतं, 'धडा चौथा.'

पहिलं वर्ष परीक्षेविना. गणित-विज्ञान बालभारतीच्या नववीच्या पुस्तकांवरून (ई-बालभारतीवर फुकट मिळतात), रोज दोन तास, यात सूट नाही. इतिहासाला पुस्तक नाही, मुंबईच. तिचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपाबद्दल त्यांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं, लिहून काढायचं आणि मग ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं काढून आजोबांची आठवण किती जुळते ते पाहायचं. कान्हेरीला ऐन पावसाळ्यात जायचं, खडकात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली असताना.

दुसऱ्या वर्षी एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालय, घरी शिकून परीक्षा देता येते) दहावी: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान, चित्रकला. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. म्हणून तीन विषय एप्रिलला, उरलेले दोन ऑक्टोबरला. मग बारावी.

मी नोकरी अर्धवेळ करून घेतेय. 'नका करू' एवढंच म्हणायचं असेल तर ते सासूबाईंनी सांगून झालंय.

फळा_आणि_खडू

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. तेव्हा मत एकांगी आहे हे धरूनच वाचा.

ताई, तुमचं पहिलं वर्ष मला आवडलं. संपाचा प्रकल्प माझ्या शाळेत कुणी केला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण इतिहास वर्षभर शिकवणार आणि परीक्षेला चित्रकला? पोर चौदाची आहे, पंधराव्या वर्षी तीच विचारेल की मग त्या वर्षाचं काय झालं.

खरी अडचण विज्ञानाची. ब्युरेटमधून (तोटीची मापनळी) थेंब थेंब सोडताना फिनॉल्फ्थेलीन, म्हणजे रंग बदलणारं दर्शक द्रव्य, हलकं गुलाबी होऊन थांबलं पाहिजे. एक थेंब जास्त पडला की गडद, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे हात पन्नासदा चुकून तयार होतात. यूट्यूबवर तो माणूस एकदाही चुकत नाही. एनआयओएसच्या विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षा आहे, ती अभ्यास केंद्रावर होते. तिथे पहिल्यांदा परीक्षानळी हातात धरलेली मुलं मी पाहिली आहेत. दया येते.

आणि एक. शाळेला नावं ठेवणं सोपं आहे. १९८८ साली तेंडुलकर-कांबळीने ६६४ ची भागीदारी केली ती हॅरिस शील्डमध्ये, म्हणजे शाळांच्या स्पर्धेत. शाळेत नाव नसलेल्या मुलाला ते मैदानच बंद. तुमच्या मुलीला क्रिकेट नसेल खेळायचं. पण नाटक, कबड्डी, एनसीसी, यातलं किती तिला घरून मिळणार?

कल्याण_स्लो

मास्तर, दर वेळी सचिन काढलाच पाहिजे का? त्या वर्गातल्या बाकीच्या पोरांचं काय झालं तेही सांगा कधीतरी.

बाबा_केमिकलवाले

मोठ्या मुलाला आम्ही एनआयओएसमधून शिकवलं, म्हणून बोलतो. भगदाड तुमच्या तारखांत आहे.

दहावी आणि बारावी पास होण्यात दोन वर्षांचं अंतर लागतं. मधे एका वर्षानंतर चार विषय देता येतात, पण पाचवा दोन वर्षं भरल्याशिवाय नाही. तुमची दहावी ऑक्टोबरला पुरी होणार. मग बारावीचा शेवटचा विषयही ऑक्टोबरलाच. तोवर त्या वर्षीचे कॉलेज प्रवेश आटोपलेले असतात, म्हणजे सरळ एक वर्ष घरी. शिवाय मधेच तिला वाटलं की अकरावीला कॉलेजात जावं, तर ऑक्टोबरच्या निकालावर ती दारंही तेव्हा बंद.

क्रम उलटा करा. वय बसत असेल (दहावीसाठी चौदा पूर्ण लागतात) तर मराठी आणि चित्रकला आधीच्या ऑक्टोबरला, उरलेले तीन एप्रिलला. भाषेने सुरुवात केली की पोराला परीक्षेचा अंदाज येतो आणि गणिताला पूर्ण हिवाळा मिळतो. आम्ही उलटं केलं आणि भोगलं.

टीएमए म्हणजे ते स्वाध्याय हलक्यात घेऊ नका, त्याला २० टक्के वजन आहे. पुढे इंजिनीअरिंग डोक्यात असेल तर जेईईला एनआयओएसची बारावी चालते, मात्र पाच विषय हवेत. बारावीचे विषय निवडताना हे भिंतीवर लिहून ठेवा.

अवांतर: लोकलचा विद्यार्थी पास शाळा-कॉलेजच्या पत्रावर मिळतो. ते पत्र कोण देणार यावर आमच्या घरात गणितापेक्षा जास्त वेळ गेला.

सायनची_वकीलकाकू

कायद्याची काळजी कोणी काढायच्या आत: २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे आणि त्यातली 'सक्ती' सरकारवरच्या जबाबदारीची आहे. तुमची मुलगी त्या वयाच्या काठावर आहे. तो मुद्दा संपला.

शाळा सोडल्याचा दाखला मात्र जपून ठेवा. मन बदललं तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. खाजगी विद्यार्थी म्हणून एसएससी देता येते, आणि इकडच्या नातेवाइकांना ती पटकन समजते.

दादरकर_मावशी

सगळे तारखांचं बोलताय. मी एकच विचारते. 'आम्ही वही काढली' आणि 'मी नोकरी अर्धवेळ करतेय', या दोन वाक्यांत नवरा कुठे गळाला? घरशाळा म्हणतात, असते ती आईशाळा. वन बीएचकेमध्ये सकाळी डबे, मग वर्गसमीकरणं, मग अर्ध्या दिवसाचं ऑफिस, रात्री स्वाध्याय तपासणं. चार वर्षं! मुलीचा आराखडा झाला, तुमचा कुठाय?

आणि क्लास लागला म्हणून रडताय, दोन वर्षांत तुम्हीच गणिताला क्लास लावाल. लिहून ठेवा.

वर्गाबाहेर

मी एकवीसची, नववीपासून घरी शिकले. मावशी, तुमचं अर्ध बरोबर आहे. गणिताला क्लास लागलाच, पण मी स्वतः मागितला. फरक पडतो.

मला कुणी सांगितलं नव्हतं ते हे: पहिले चार महिने काहीही होत नाही. मी दुपारी बारापर्यंत झोपायचे, आईचा रक्तदाब वाढायचा. शाळेतल्या मैत्रिणी सुरुवातीला रोज फोन करायच्या. सहामाही परीक्षा लागली तसे फोन थांबले. मास्तर म्हणतात ते एकटेपण खरं आहे. कबड्डीने ते भरलं असतं असं मात्र वाटत नाही. मला वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नंतर आठवड्यातून तीनदा बागेतल्या झाडांची नोंद करणारा एक गट, यांनी तारलं. त्यात माझ्या वयाचं कुणीच नव्हतं. साठीचे काका-काकू. चाललं.

आईने केलेलं वेळापत्रक मी एकही दिवस पाळलं नाही. माझं मी केलं ते निम्मं पाळलं. काकू, वही तिच्या हातात द्या.

फळा_आणि_खडू

निम्मं पाळून दहावी निघाली?

वर्गाबाहेर

निघाली सर. विज्ञानात काठावर. परीक्षानळी केंद्रावरच पहिल्यांदा धरली होती, तुम्ही पाहिलेल्यांपैकी मीच असेन.

मुलुंडची_आई

सगळे प्रतिसाद तिला वाचायला दिले. बाबा_केमिकलवाल्यांचा क्रम घेतला. चित्रकला ठेवतोय. त्याऐवजी सामाजिक शास्त्र घेऊया म्हटलं तर तिने सांगितलं, आजोबांवर मार्क नको. मला पटलं.

मावशी, नवऱ्याने तुमचा प्रतिसाद वाचला. शनिवार-रविवार आणि सगळं विज्ञान त्याच्याकडे. बघू किती दिवस.

वेळापत्रक तिने नव्याने केलंय. सकाळी काही नाही, दुपारी तीनला बीजगणित, रात्री वाचन. मास्तर, विरोध आहे तरी विचारते: मुलुंड-भांडुपच्या बाजूला एखादी शाळा सुट्टीत प्रयोगशाळा वापरू देईल का? पैसे भरू.

फळा_आणि_खडू

विचारून कळवतो. ब्युरेट फुटली तर भरून द्यावी लागेल. मत तेच आहे. आणि बीजगणित तीनला ठेवू नका, त्या तासाला वर्गातली पोरंसुद्धा झोपायची.