निर्वासितांना आधी थेरपी की आधी रेशन?

तर्कट:
जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या नॉयनर, शाउअर, एल्बर्ट यांची नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपी (एनईटी), म्हणजे माणसाकडून त्याच्या आयुष्याची गोष्ट वाईट प्रसंगांसकट तपशिलात सांगवून घेणारा उपचार, उगाच डोक्यावर घेतली जाते. २००४चा अभ्यास सगळ्यांना पाठ: युगांडातले सुदानी निर्वासित, चार सत्रं, वर्षभरानं पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मागे उरणारा मानसिक आजार) उरला २९ टक्क्यांत, समुपदेशनाच्या गटात ७९ टक्क्यांत. पण माणसं एकूण ४३, तीही तीन गटांत वाटलेली! २००८ला युगांडातल्याच नाकिवाले वसाहतीत २७७ रवांडन-सोमाली निर्वासित घेतले, तेव्हा एनईटीनं ७० टक्के पीटीएसडीतून बाहेर आले, मोकळ्याढाकळ्या समुपदेशनानं ६५. मग एनईटीतला दोरी-दगडांचा खटाटोप कशाला?

रानवारा:
निम्मंच सांगितलंत. २००८च्याच अभ्यासात एनईटी अर्ध्यावर सोडणारे ४ टक्के, समुपदेशन सोडणारे २१. आणि उपचार देणारे डॉक्टर नव्हते, थोडक्या प्रशिक्षणावर तयार केलेले सामान्य लोक होते. अशांना ठरलेल्या पायऱ्या लागतात. जन्मापासूनची दोरी अंथरायची, चांगल्या प्रसंगाला फूल, वाईटाला दगड. पुढच्या सत्रांत एकेका दगडापाशी थांबायचं: काय दिसलं, कसला वास, आत्ता अंगात काय होतंय. घाईनं ‘मग पुढे?’ विचारलं की फसलं. धडधड उतरायच्या आत सत्र गुंडाळलं तर माणूस आला त्याहून वाईट अवस्थेत परततो. म्हणून दीड तास हाताशी हवा. त्यानं सांगितलेलं लिहून काढायचं, पुढच्या खेपेला वाचून दाखवायचं, तो सांगेल ते दुरुस्त करायचं.

आडवाट:
दुभाष्याचं काय? तो ‘घर जाळलं’ एवढ्यावर आटोपतो. तपशील गाळला की उपचारात उरलं काय? शिवाय तो समोरच्या गटातला निघाला तर तोंडच उघडत नाही कुणी. मिलर-रासमुसेन हे संशोधक २०१०पासून सांगताहेत, युद्धाइतकाच छावणीतला रोजचा जाच माणसाला पोखरतो. एप्रिल २०२०मध्ये युगांडात निर्वासितांचं रेशन ३० टक्क्यांनी कापलं. त्यावर कुठला दगड ठेवणार?

रानवारा:
दुभाष्याचा मुद्दा मान्य. वाक्यागणिक भाषांतराची तालीम आधी घ्यावीच लागते. रेशनचा नाही. ज्याला रात्रभर झोप नाही, तो रेशनच्या रांगेत तरी किती वेळ उभा राहील?

तर्कट:
एकेकाला दीड-दीड तास, आणि वसाहतीत हजारो माणसं. रवांडात २००४पासून ‘मुसेकेवेया’ ही सलोख्याची रेडिओ मालिका घरोघरी पोचली. मानसशास्त्रज्ञ पॅलक यांनी तिचा परिणाम वर्षभर तपासला: लोकांच्या मनातल्या समजुती फारशा हलल्या नाहीत, पण ‘आपल्यात काय चालतं’ हा अंदाज बदलला, वागणंही.

रानवारा:
शेजाऱ्याशी वागणं सुधारलं, छान. पण रेडिओनं दुःस्वप्नं थांबली, असं पॅलक यांचा अभ्यास कुठे म्हणतो?