सेल्फ-टेप ऑडिशनमध्ये नेमकं काय पाहतात?

रंगवेडा
हौशी नाटकांत कामं केली आहेत, आता कॅमेऱ्यासमोर व्यवसाय म्हणून उतरायचं आहे. ऑडिशनला बहुतेक ठिकाणी सेल्फ-टेपच, म्हणजे दिलेल्या सीनचा स्वतःच शूट केलेला व्हिडिओ, मागतात. फोनवर शूट करून पाठवतो, पुढे काहीच कळत नाही. टेपमध्ये काय पाहतात? आणि फोटो, शोरील (केलेल्या कामातल्या निवडक दृश्यांचा छोटा व्हिडिओ) यांवर आधीच पैसे घालावेत का?

तिसरी_घंटा
आधी तांत्रिक बाजू, कारण ती बिघडली तर पाहणारा अभिनयापर्यंत पोचतच नाही. फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. फ्रेम छातीच्या मध्यापासून डोक्याच्या किंचित वरपर्यंत. क्लोजअपसाठी फोन तोंडाजवळ आणू नका, नाक मोठं आणि चेहरा फुगलेला दिसतो. दीड-दोन मीटर लांब ठेवा आणि दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

मागे साधी एकरंगी भिंत, तिच्यापासून मीटरभर पुढे उभे राहा, म्हणजे सावली तिच्यावर ठळक पडत नाही. खिडकी पाठीशी नको. समोरून, थोडी तिरकी हवी. एक्स्पोजर आणि फोकस चेहऱ्यावर लॉक करा, नाहीतर तुम्ही हललात की उजेड मध्येच वर-खाली होतो. बारीक रेघांचा कपडा कॅमेऱ्यात थरथरतो, तो टाळा.

आवाजाकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. रिकाम्या खोलीत तो घुमतो. पडदे ओढा, गाद्या-रजया आजूबाजूला ठेवा, पंखा बंद करा, शक्य असेल तर कॉलर माइक लावा.

समोरच्या पात्राचे संवाद म्हणणारा, म्हणजे रीडर, लेन्सला खेटून उभा हवा. तो बाजूला लांब बसला की कॅमेऱ्याला तुमचा अर्धाच चेहरा मिळतो. माइक फोनचाच असेल तर रीडर त्याच्या जवळ असतो, म्हणून त्याने तुमच्यापेक्षा हळू बोलायचं. पण सपाट वाचायचं नाही, त्याच्या वाक्याने तुमच्यात काहीतरी हललं पाहिजे! थेट लेन्समध्ये पाहायचं ते स्लेट देताना, म्हणजे टेपमध्ये स्वतःची ओळख सांगताना, किंवा सूचनेत तसं सांगितलं असेल तेव्हाच.

विंगेतला
हे सगळं जमूनही रंगमंचावरून आलेल्यांची टेप एका जागी हमखास पडते. स्वतःचं वाक्य संपलं की चेहरा विझतो आणि नट पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतो. रीडर बोलत असतानाही कॅमेरा तुमच्यावरच असतो, म्हणजे तुमचं ऐकणं हाच तिथला अभिनय. पाठांतर करताना फक्त आपल्या ओळी घोकू नका. समोरच्याच्या कुठल्या शब्दावर आपलं उत्तर मनात तयार होतं ते शोधा. तो शब्द बहुतेकदा वाक्याच्या मध्येच सापडतो, आणि तिथून चेहरा आपोआप जागा राहतो.

सीन हाती आल्यावर तीन गोष्टी ठरवा: सुरुवातीच्या क्षणभर आधी काय घडलं, समोरच्याकडून मला काय हवं आहे, आणि ते मिळवायचा मार्ग मी कुठल्या ओळीवर बदलतो. आवाज रीडरपर्यंत पोचेल एवढाच. शेवटच्या रांगेसाठी वर जाणाऱ्या भुवया इथे खोट्या वाटतात.

दोन टेक मागितले असतील तर समोरच्याकडून जे हवं आहे ते तेच ठेवा, मार्ग बदला: पहिल्यात दरडावून मागितलं ते दुसऱ्यात लाडीगोडी लावून. नुसता वेग किंवा आवाज बदलला तर तो दुसरा टेक होत नाही.

रंगवेडा
मुदत एका दिवसाची असेल तर कागद हातात चालतो का?

तिसरी_घंटा
सहसा चालतो. छातीच्या उंचीला धरा, अडलात तर सरळ खाली बघा आणि ओळ रीडरकडे पाहूनच म्हणा. पहिली आणि शेवटची ओळ मात्र पक्की पाठ हवी. कॅमेऱ्यामागे संवाद चिकटवू नका, ओळीवरून सरकणारी बुबुळं स्पष्ट दिसतात. पाठवताना फाइलच्या नावात तुमचं नाव, पात्र आणि टेक लिहा. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा; परवानगी न दिलेली लिंक कुणी पुन्हा मागत बसत नाही.

मानधन_आधी
पैशांबद्दल. सुरुवातीला दोन हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो, पुरतात, एक शांत, एक हसरा. रिटचिंग नको, दारातून आत येणारा माणूस फोटोतलाच वाटला पाहिजे. काम नसताना शोरीलची घाई करू नका. विद्यार्थ्यांच्या लघुपटांत कामं घ्या आणि तुमच्या दृश्यांची प्रत मिळेल हे आधीच लेखी घ्या. पुढे शोरील दोन मिनिटांच्या आत ठेवा, पहिल्या १५-२० सेकंदांत तुमचं सर्वांत चांगलं दृश्य, गाण्यावर कापलेले तुकडे नकोत.

कास्टिंग डायरेक्टरचे पैसे निर्मिती संस्था देते आणि एजंट मिळालेल्या मानधनातून कमिशन घेतो. त्यामुळे ऑडिशनची फी, नोंदणी फी किंवा 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा' असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबा. जाहिरातीच्या करारात ती कुठल्या माध्यमांत, कुठे आणि किती काळ चालणार हे वाचा. 'कायमस्वरूपी' असं लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी मुदत मागा, आणि तेवढ्या काळात स्पर्धक उत्पादनाचं काम घेता येईल का तेही विचारा.