केंडो नागासाकीने 1977 मध्ये मुखवटा स्वतःहून उतरवला, ती चूक होती का? (‘तालीमवाला’, ‘पाचवी फेरी’ आणि ‘शेवटची रांग’ या टोपणनावांच्या तीन कुस्तीशौकिनांची चर्चा)

तालीमवाला: माझ्या मते चूकच. ब्रिटिश व्यावसायिक कुस्तीतला (म्हणजे निकाल आधी ठरलेल्या, नाट्यमय लढतींतला) हा खलनायक (खरं नाव पीटर थॉर्नली) 1964 पासून रिंगणात होता. मार्च 1966 मध्ये हॅन्लीच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये त्याने काउंट बार्टेली या मुखवटाधारी पैलवानाला हरवून त्याचा मुखवटा उतरवायला लावला आणि तिथून त्याचा दबदबा वाढला. लोक तिकीट काढायचे ते आज तरी याचं तोंड दिसेल म्हणून. 20 डिसेंबर 1977 ला वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने समारंभ करून मुखवटा काढला आणि ती ओढच घालवली. पुढच्याच वर्षी निवृत्ती.

पाचवी फेरी: ओढ त्याआधीच गेली होती. डिसेंबर 1975 मध्ये सोलिहलला बिग डॅडी या पैलवानाने टीव्ही कॅमेऱ्यांसमोर मुखवटा खेचून काढला. एकदा हिसकावलेलं गुपित पुन्हा झाकून काय उपयोग? 77 मध्ये निदान बघण्यासारखं काही निघालं: तुळतुळीत डोकं, मागे शेंडीसारखी लांब वेणी, टाळूवर गोंदण, डोळ्यांत लाल लेन्स. मुखवट्याखाली दुसरा मुखवटाच म्हणा.

तालीमवाला: गोंदण आणि लेन्स टीव्हीच्या क्लोज-अपसाठी ठीक. हॉलच्या शेवटच्या रांगेतून दिसतो तो उभ्या पट्ट्यांचा मुखवटा. तो स्वतः बोलायचा नाही, सगळं बोलणं मॅनेजर जॉर्ज जिलेटकडे. चेहरा झाकलेला, तोंड बंद, त्यामुळे फटका बसला तरी याला लागलंय की नाही ते कळायचं नाही. भीती तिथेच होती. चेहरा उघडा पडला की कळवळणं दिसतं.

शेवटची रांग: दोघेही नियम सोडून बोलताय. त्या कुस्तीत पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि साधारणपणे तीनपैकी दोन चीत. नियम मोडला की जाहीर ताकीद, तिसऱ्या ताकिदीला बाद. खलनायकाचं भांडवल म्हणजे पहिल्या दोन ताकिदी. त्या खर्चून समोरच्याला जेरीला आणायचं, आणि अगदीच अंगाशी आलं तर तिसरी ओढवून घ्यायची. लढत जाते, पण कोणी चीत केलेलं नसतं, म्हणून मुखवटा शाबूत. ही युक्ती किती वर्षं पुरणार? कधीतरी लोकांना फसवल्यासारखं वाटणारच. तेव्हा मुखवटा जायलाच हवा होता, पण समारंभात नव्हे, एखाद्या नव्या पैलवानाच्या हाती. बार्टेलीच्या मुखवट्याने नागासाकी घडला. नागासाकीच्या मुखवट्याने कोणीच घडलं नाही, हे मला खरंच खटकतं.

पाचवी फेरी: हे पटतं. पण एक बघा. बार्टेली पुढे कित्येक वर्षं उघड्या चेहऱ्याने लढला, कारण त्याची भिस्त पकडींवर होती. नागासाकीचा कामिकाझे क्रॅश, म्हणजे समोरच्याला दोन्ही खांद्यांवर आडवा घेऊन त्याच्यासकट पुढे कोलांटी मारायची, हा डाव उघड्या चेहऱ्यानेही तेवढाच जोरकस होता. तरी 80 च्या दशकात तो परतला तो मुखवटा घालूनच, आणि लोकांनी तो स्वीकारला.

तालीमवाला: मग तेच म्हणतोय ना मी. परत घालावाच लागला.